शून्य कुठं धरलंय

सीपीआर, अतिदक्षता, कॉट सात.
आदगोंडा मगदूम, वय एकाहत्तर,
पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
आतडं फुटून दोन दिवस घरीच काढलेले.
बीपी धरत नव्हतं,
हाताच्या शिरा पार बसलेल्या,
सुई लावावी तर कोरड्या कागदात घुसल्यासारखी.

इनामदार डॉक्टरांनी कॉटचं डोकं खाली केलं,
मान डावीकडं वळवली,
गळपट्टीच्या हाडाशी स्नायूला जिथं दोन फाटे फुटतात
त्या त्रिकोणात बोट ठेवून क्षणभर थांबल्या.
शेजारी धमनी उडत होती,
तिला बोटाखाली धरून मग सुई.
सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं,
सावकाश, न उसळता.
"शीरच आहे," त्या मास्कमधून म्हणाल्या.
तार आत सरकली
आणि मॉनिटरवर हृदय एकदोनदा अडखळलं,
अंधारात उंबऱ्याला ठेच लागावी तसं.
तार दोन बोटं मागं.
नळी. टाके. एक्स-रे.
रात्रीचे दोन वाजले.

आमचा ट्रान्सड्यूसर महिनाभर बंद,
मागणीपत्र कुठल्या टेबलावर झोपलंय कोण जाणे.
म्हणून जुनीच रीत:
सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधलेली मोजपट्टी,
तिच्या अंगाला उभी पारदर्शक नळी.
चौथ्या फासळीखालच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेवर,
मार्करनं फुली. फुलीच्या उंचीला शून्य.
तीन तोंडांची तोटी फिरवली की
पाणी उतरतं, उतरतं,
आणि एका जागी झुलत राहतं,
श्वास घेतला की जरा खाली,
सोडला की जरा वर.
सोडल्यावरचा आकडा लिहायचा.
तीन.

डोळे मिटूनच म्हाताऱ्यानं विचारलं,
"पातळी किती?"
तीन.
"फूट?"
सेंटिमीटर, मामा.
"मग उन्हाळाच की."

मुलगा मघाशी दारात सांगून गेला होता,
राजाराम बंधाऱ्यावर सव्वीस वर्षं पट्टी वाचली त्यांनी.
पुरात दर तासाला,
कमरेला दोर, हातात बॅटरी.
आकडा फोनवर सांगायचे
आणि त्या आकड्यावर सुतारमळ्यात गाठोडी बांधली जायची.

सलाइनच्या दोन बाटल्या गेल्या.
पाच.
मग एकदम सात.
मी खुशीत डॉक्टरांना फोन लावायला वळले.

"बाई, शून्य कुठं धरलंय?"

बघितलं तर
उशी सारखी करताना कुणीतरी डोक्याकडची कळ फिरवलेली.
छाती वर उचललेली, छातीवरची फुली वर गेलेली,
पट्टी आपली होती तिथंच.
जुळवून पुन्हा तोटी फिरवली.
चार.

"एका शिमग्यात आमच्या पट्टीचा दगड खचलाता," तो म्हणाला,
"चार बोटं. आठ दिस खोटं लिवलं मी.
कुणाला कळलं न्हाई, पाणीच नव्हतं नदीला."
मास्कमध्ये वाफ धरली, विरली.
"निस्ता आकडा घिऊन काय करता.
ताशी किती चढतंय ते बघत जावा."

आमच्या पुस्तकातही हेच आहे,
दीड पान लावून.

तीनला चार. चारला सहा.
पाचला सहाच.
मी दर वेळी आधी फुली बघायची,
मग पट्टी,
मग त्याच्या तोंडाकडं.
तो झोपेत ओठ हलवत होता,
मोजत होता की काय, कळलं नाही.

सकाळच्या राउंडला चार्ट उघडून
इनामदार हसल्या.
सहाच्या रकान्यात माझ्या अक्षरात: ९ फूट.
खोडलं. सेंमी केलं. शेजारी सही.

कॉट सातखाली लघवीची पिशवी
रात्रभर रिकामी होती, ती निम्मी भरलेली.
आणि तो वॉर्डबॉयला विचारत होता,
भोगावतीत पाणी सोडलंय काय.